भोरड्या परतण्याआधी शिरूर-दौंड

भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी मार्च-एप्रिलात शिरूर आणि दौंडसाठी एकेक मुक्काम राखून ठेवावा. पाहुणे पक्षी या दिवसांत परतीच्या उड्डाणासाठी अंगात चरबी साठवत असतात, दिवसभर खात असतात. एका जागी शांत बसणाऱ्याला हे सगळं समोर दिसतं.

मी आणि माझा मित्र शिरूरकडून शिरलो. वाट नकाशावर मिळेल: शिरूर, चिंचणीचं घोड धरण, न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस, दौंड आणि पुढे उजनीचा फुगवटा. टाकळी हाजीचे रांजणखळगे जरूर बघा, फक्त सुट्टीच्या दिवशी नको. घोड धरणावर उजाडताना पोचा आणि पाणी पश्चिमेला राहील अशी जागा धरा, म्हणजे ऊन पाठीवर येतं आणि रंग खरे दिसतात. पिवळ्या धोब्यांची डोकी या दिवसांत विणीच्या रंगात येऊ लागतात, ती निरखा. शिरूरच्या उसात बिबट्या आहे. अंधारात बांधावरून हिंडू नका.

संध्याकाळी भिगवणकडे होडीत जागा मिळाली नाही. मागे फिरून दौंड तालुक्यात, खडकीच्या बाजूला पाण्याकाठी बसलो. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. बांधावरच्या आजोबांनी काय बघताय म्हणून विचारलं. पक्षी, म्हटलं. "मग बसा इथंच. दिस बुडायला भोरड्या येत्यात बाभळीत."

आधी वीस-पंचवीसच्या टोळ्या आल्या, रानांवरून अगदी खालून. मग दर मिनिटाला नवी टोळी, चारी दिशांनी. बघता बघता सगळ्यांचा एकच थवा झाला आणि पाण्यावर फिरू लागला. तेवढ्यात वरून बहिरी ससाणा आला. ओलं धोतर पिळावं तसा थवा पिळला गेला, काळा झाला, पुन्हा सैल सुटला. पंखांचा आवाज अंगावर येत होता. ससाणा रिकामा गेला, पुन्हा आला. हे अंधार पडेपर्यंत चाललं, आणि मग सगळा थवा ओतल्यासारखा बाभळीत शिरला. त्यानंतर कितीतरी वेळ नुसता कलकलाट. इतक्या वर्षांच्या भटकंतीत मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

आजोबांना भोरडीचं कौतुक नव्हतं. दाणा भरताना हीच टोळी ज्वारीवर उतरते आणि माणसाला माळ्यावर गोफण घेऊन उभं राहावं लागतं. त्यांचं खरंच आहे. पण हाच गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा पक्षी मध्य आशियात विणीच्या काळात टोळ आणि नाकतोडे फस्त करतो. इथेही किडे खातो, पळस-पांगाऱ्याचा मध पितो.

तुम्हाला हे बघायचं तर गावात विचारा. भोरड्या कुठल्या झाडीत उतरतात ते शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, झाडीपासून लांब बसा. व्हिडिओसाठी टाळ्या वाजवून थवा उठवू नका.

दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, आणि शेजारच्या होडीतल्या मंडळींनी फोटोसाठी रोहितांचा कळप उडवायला लावला. मला भयंकर राग आला. असं प्रत्येक उड्डाण साठवलेली चरबी जाळतं. होडीत चढण्याआधीच नावाड्याला सांगा: इंजिन लांबच बंद करायचं, पक्षी उडवायचे नाहीत. सांगितलं की ते ऐकतात. उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका. नदी सुरय आणि टिटवी या दिवसांत जमिनीवरच अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. काठचा गाळ वरून सुकलेला वाटतो, पण गुडघ्यापर्यंत आत घेतो. काठावर पत्रावळ्या आणि बाटल्यांचा खच आहे. त्यात भर घालू नका, जमल्यास पिशवीभर उचलून आणा.

दहानंतर ऊन सोसत नाही. दुपारी भीमेपलीकडच्या पेडगावला जा. तिथल्या बहादूरगडावर 1689 साली संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे उभं केलं गेलं. आवारातलं लक्ष्मीनारायण मंदिर सावकाश बघण्याजोगं आहे.

पट्टकदंब हवे असतील तर मार्च उजाडताच निघा, ते लवकर जातात. भोरड्या एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भेटाव्यात. गाडी नसेल तर पुण्याहून दौंडपर्यंत रेल्वे आहे, पुढे मात्र स्थानिक वाहन आधी ठरवून ठेवा, कारण भोरड्या झाडीत उतरेपर्यंत बसलात तर परतायला अंधार होणारच.