आरोप झाला, पण सुनावणी झाली का?

आठव्या आज्ञेचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे माणसेच येतात. एखाद्या दुकानाविरुद्ध किंवा कंपनीविरुद्धही खोटी साक्ष दिली जाऊ शकते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

मॅगीचे प्रकरण आपणा सर्वांना आठवत असेल. उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला दहा लाख भागांत १७.२ भाग शिसे आढळले. मर्यादा होती २.५. देशभर ओरड झाली. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने विक्री बंद केली आणि हजारो टन माल नष्ट झाला. मुलांच्या ताटाचा प्रश्न असल्याने लोकांची भीती स्वाभाविक होती.

ज्याचे एक खंडपीठ आपल्या नागपुरात आहे, त्या मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी (निकाल मुंबईत लागला) ही बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची योग्य संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना अशा तपासणीची रीतसर मान्यता नव्हती. मात्र न्यायालयाने मॅगीला लगेच निर्दोष ठरवले नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. मोहाली, जयपूर व हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करून घेतली. शिसे मर्यादेत निघाले, तेव्हाच नोव्हेंबरमध्ये विक्री सुरू झाली.

हे तत्त्व फार जुने आहे. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठाने एका विद्वानाच्या पदव्या न ऐकताच काढून घेतल्या. १७२३ साली इंग्लंडच्या न्यायाधीशांनी एदेन बागेचा दाखला दिला: देवाला सर्व ठाऊक होते, तरी शिक्षेआधी त्याने आदामला हाक मारून विचारले.

मोठी कंपनी वकील लावते, तोटा सोसते. सदरमधल्या छोट्या बेकरीचे काय? मोबाईलवर एक संदेश फिरला, की अहवाल येण्याआधीच गिऱ्हाईक तुटते. कामगारांचा पगार थांबतो. तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे जरूर करावी. ती फॉरवर्ड करणे ही तक्रार नव्हे.

आपल्यापैकी ज्यांची खानावळ किंवा बेकरी आहे, त्यांनी एवढे माहीत करून घ्यावे: २००६ च्या कायद्यानुसार नमुन्याचे चार भाग होतात. मालकाने मागणी केल्यास एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते.