एजंटच्या हाती बिल देण्याआधी

एआय एजंट वापरणार असलेल्या इन्व्हॉइस-टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायचं काम तुझ्याकडे आलंय, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. मी अकाउंट्सच्या टेबलावर बसायचो तेव्हा वरिष्ठांनी मनावर ठसवलं होतं की बिल एकदा बाहेर गेलं की ते आपल्या एकट्याचं राहत नाही. ग्राहकाच्या खतावणीत, दोघांच्या जीएसटी रिटर्नमध्ये त्याची नोंद होते. तेव्हा ते बाहेर पडण्याआधीच्या एकेका पायरीवर तुझे शब्द नेमके हवेत.

टूल काय करत नाही, ते आधी लिही. नवा कारकून अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला टूलचं नाव, वर्णन आणि रकान्यांची यादी एवढंच दिसतं. एजंटला टूल्स जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. त्यामुळे ‘इन्व्हॉइस पाठवते’ एवढ्यावर थांबू नकोस. असं लिही: ‘मंजूर झालेलं मसुदा-बिल ग्राहकाच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवते. नवं बिल तयार करत नाही, रक्कम बदलत नाही. पाठवलेलं बिल परत घेता येत नाही. वापरकर्त्याने फक्त बिल दाखवायला सांगितलं असेल तर हे टूल वापरू नका.’ त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

प्रत्येक रकान्यात एकक लिही, उदाहरण दे. रक्कम रुपयांत की पैशांत? रेझरपेच्या एपीआयला ५०० रुपयांसाठी ५०००० द्यावे लागतात, कारण तिथे हिशेब पैशांत चालतो. तुझ्या टूलचा नियम रकान्याच्या वर्णनातच हवा, दुसऱ्या पानावर नको. तारखेचंही तसंच. ०४/०३/२०२५ म्हणजे ४ मार्च की ३ एप्रिल? नुसता महिना बदलत नाही, आर्थिक वर्षच बदलतं. म्हणून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम माग: २०२५-०३-०४.

जे एजंटने ठरवायचं नाही, ते त्याला विचारूच नकोस. इन्व्हॉइस नंबर सिस्टीमने द्यावा. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, अनुक्रमाने आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. रकाना रिकामा दिसला तर एजंट काहीतरी भरून मोकळा होईल. कराचंही तेच. पुण्याहून पणजीला माल गेला तर आयजीएसटी, नाशिकला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. हे ‘प्लेस ऑफ सप्लाय’वरून सिस्टीमने काढावं. बँक खात्याचा रकाना तर ठेवूच नकोस. ‘आमचं खातं बदललंय’ असा खोटा मजकूर कुठल्या ईमेलमधून एजंटसमोर येईल, सांगता येत नाही.

उत्तर आलं नाही तर काय करायचं, ते ठळक लिही. जास्तीत जास्त घोळ इथे होतात. विनंती पोहोचते, बिल जातं, पण नेटवर्क अडखळल्यामुळे पोचपावती येत नाही. एजंट पुन्हा पाठवतो. ई-इन्व्हॉइस असेल तर पोर्टल तोच नंबर दुसऱ्यांदा घेत नाही. पण दुसऱ्या खेपेला सिस्टीमने नवा नंबर काढला की ते बिल बिनबोभाट पुढे जातं आणि ग्राहकाच्या हातात एकाच मालाची दोन बिलं पडतात. पोर्टलवर ते २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. नंतर बहुधा क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून प्रत्येक पाठवणीला एक आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच पाठवणी पुन्हा आली तर ओळखू येईल अशी खूण, असू दे आणि स्पष्ट लिही: ‘उत्तर न आल्यास आधी स्थिती तपासा. पुन्हा पाठवायचं झाल्यास तीच की वापरा, नवी बनवू नका.’

चूक दाखवणाऱ्या संदेशात पुढची पायरी सांग. ‘अवैध इनपुट’ वाचून एजंट अंदाज बांधत बसतो. त्याऐवजी असं लिही: ‘जीएसटीआयएन १४ अक्षरी आहे, १५ हवीत. वापरकर्त्याला विचारा, स्वतः भरू नका.’ पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. एवढं कळलं तर एजंट ग्राहकाला नेमका प्रश्न विचारू शकतो.

माणसाची मंजुरी कोडमध्ये बसव. ‘पाठवण्याआधी विचारा’ हे वर्णनात जरूर लिही, पण त्यावर विसंबू नकोस. टूल डेटा बदलतं की नुसता वाचतं, हे सांगणाऱ्या खुणाही मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये आहेत. पण त्या सूचना आहेत, कुलूप नव्हे. मसुदा आणि पाठवणी ही दोन वेगळी टूल्स ठेव, आणि मंजुरीची नोंद नसेल तर सर्व्हरनेच नकार द्यावा.

लिहून झालं की परीक्षा घे. मागचा कुठलाही संदर्भ नसलेल्या एजंटला फक्त तुझं वर्णन दे आणि रोजची कामं सांग: ‘मागच्या महिन्याचं बिल पाठव’, ‘शहांना बिल गेलं का ते बघ’. शहा नावाचे दोन ग्राहक नोंदव आणि तो थांबून विचारतो का ते पाहा. लॉग ओळीने वाच. एजंट चुकला तर आधी तुझं वाक्य तपास, बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. आणि टूल बदलेल त्याच दिवशी वर्णनही बदल. जुनं वर्णन एजंट नव्याइतक्याच विश्वासाने पाळतो आणि त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते.