गव्यांचा उपद्रव व त्याचे निवारण

कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग इत्यादी जिल्ह्यांत जंगलालगतच्या गावी गवे शेतात शिरून ऊस व भात यांचे नुकसान करतात. कळपातून एकटा पडलेला गवा क्वचित वस्तीतही येतो. अशा वेळी लोकांच्या हातून घडणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याचा पाठलाग करणे, ही होय.

स्वभाव

गवा हा गाय-बैलांच्या कुळातील प्रचंड प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६०० ते १,००० किलोग्रॅम भरते. तो मुळात भित्रा असून सकाळ-संध्याकाळ चरतो व भर उन्हात सावलीत बसतो. उन्हाळ्यात ओढे आटले व रानातील गवत वाळले म्हणजे पाणी आणि हिरवा चारा यांसाठी तो शेताकडे वळतो. वाट अडल्यास मात्र तो बिथरतो. जोराने फुरफुरणे, मान खाली घालणे, अंग आडवे करून उभे राहणे या त्याच्या इशाऱ्याच्या खुणा होत.

पुण्याचा अनुभव

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यातील कोथरूड भागात एक गवा शिरला. जमाव मागे लागल्याने तो सैरावैरा धावत राहिला आणि पकडल्यानंतर मरण पावला. त्याच महिन्यात बावधन भागात आलेला दुसरा गवा मात्र सुखरूप जंगलाकडे परतला.

गवा वस्तीत आल्यास

१. वन विभागास १९२६ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.
२. मुले, वृद्ध व जनावरे आत घ्यावी; कुत्री बांधून ठेवावी.
३. पोलीस पाटील व सरपंच यांनी गर्दी दूर ठेवावी.
४. जंगलाकडील वाट पूर्ण मोकळी सोडावी.
५. दगड मारणे, फटाके उडविणे व छायाचित्रासाठी जवळ जाणे कटाक्षाने टाळावे.

पिकाचे रक्षण

राखण एकट्याने न करता शेजाऱ्यांनी पाळीपाळीने करावी. रात्री विजेरी बाळगावी. कुंपणात घरची वीज सोडणे हा गुन्हा असून त्यात माणसे व गुरेही दगावतात. सौरशक्तीवरील कुंपणाचा झटका क्षणिक असतो. ते तज्ज्ञांकडून बसवून घ्यावे. गुरांचा लाळ-खुरकूत रोग गव्यांनाही होतो. म्हणून रानात चरणाऱ्या गुरांना वेळेवर लस टोचून घ्यावी.

नुकसानभरपाई

नुकसान दिसताच, तीन दिवस उलटू न देता, वनरक्षक अथवा वनपाल यांजकडे अर्ज द्यावा व पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे. अर्ज लिहून देण्याच्या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी साहाय्य करावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्यास संरक्षण आहे. त्याला परतीची वाट मोकळी ठेवणे, यातच गावाचीही सुरक्षितता आहे.