पोर्ट उघडण्याआधी पत्ता बघा

मुकुटबनमधल्या एका कृषी केंद्राच्या मालकाला एवढंच हवं होतं, की माल आणायला वणीला गेलं तरी मोबाइलवर दुकानाचे कॅमेरे दिसावेत. कॅमेरे बसवणाऱ्या पोराने कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर राउटरला जोडला आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर बाहेरून आलेली हाक डीव्हीआरकडे पाठवण्याचा नियम भरला. बाहेरचा पोर्ट ८०००, आतला पोर्ट ८०००, डीव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.१०५. दुकानाच्या वायफायवर चित्र झकास. वणीत मात्र नुसतं चक्र फिरत राहिलं. "भाऊ, दुकानात दिसते, इथं दिसून नाही राहिलं," असा फोन गेला. नियम पुसून पुन्हा भरला, राउटर रिसेट केला, शेवटी नवा राउटरही आणला. फरक काहीच पडला नाही.

पडणारही नव्हता. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी'समोर, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेल्या पत्त्यासमोर, १००.७२ने सुरू होणारा आकडा होता. त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधलं, तर भलताच आकडा येत होता. सेटिंगला हात लावण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. ते जुळत नसतील, तर नियम कितीही बिनचूक असला तरी उपयोग नाही.

याचं कारण राउटरच्या पलीकडे आहे. आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. आशिया-प्रशांत विभागातला साठा एप्रिल २०११मध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि तिथून पत्ते मोजूनमापून मिळू लागले. २०१२मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. कंपनी अनेक ग्राहकांसाठी मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, घरातल्या राउटरला तिचा पत्ताही लागत नाही. १० किंवा १९२.१६८ने सुरू होणारा वॅन आयपी दिसला, तरी गत तीच. मात्र १९२.१६८ दिसला तर आधी घरातच बघावं. फायबरच्या डब्यामागे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल, तर डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला की निदान तो एक अडथळा निघतो.

दोन्ही आकडे जुळत असतील, तरच बाकीचं तपासण्यात अर्थ आहे. वीज जाऊन आली की डीव्हीआरचा पत्ता १०५चा १०७ होऊ शकतो, म्हणून राउटरमध्ये तो कायम करून ठेवावा. आणि चाचणी घरच्या वायफायवर घेऊ नये. मोबाइलचा वायफाय बंद करून, सिमच्या डेटावरच घ्यावी.

खरी काळजी मात्र पोर्ट उघडल्यानंतरची. उघडा पोर्ट मालकाला दिसतो तसा साऱ्या जगालाही दिसतो, आणि असे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तर महिलांच्या तपासणीची चित्रं कॅमेऱ्यातून चोरून विकली गेल्याचं उघड झालं. दुकानातल्या कॅमेऱ्यात गल्ला दिसतो, घरातल्या कॅमेऱ्यात लेकीबाळी वावरताना दिसतात. एवढ्यासाठी तरी 'ॲडमिन' आणि '१२३४५' हे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवेत.

मग वणीतून दुकान बघायचं कसं? बहुतेक नव्या डीव्हीआरमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून जोडण्याची सोय असते. त्यात डीव्हीआरच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि पोर्टही उघडावा लागत नाही. निर्मात्याच्या सर्व्हरवर विसंबायचं नसेल आणि दुकानात संगणक कायम चालू राहत असेल, तर त्यावर आणि मोबाइलवर टेलस्केलसारखं व्हीपीएन बसवावं. स्वतःचा सार्वजनिक पत्ताच हवा असेल, तर कंपनीकडे स्टॅटिक आयपीची चौकशी करावी. त्याचे पैसे वेगळे पडतात.

त्या कृषी केंद्रात क्यूआर कोडवरच काम भागलं. पासवर्ड बदलला, डीव्हीआरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, राउटरमधला ८०००चा नियम काढून टाकला आणि यूपीएनपी बंद केलं. हे शेवटचं सहसा राहून जातं. ते चालू असलं, तर घरातलं कुठलंही यंत्र मालकाला न विचारता राउटरकडून पोर्ट उघडून घेऊ शकतं.