मद्यपाश आणि पहिली सभा

प्रश्न : पतीला दारू सोडायची आहे, पण अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेत ओळख उघड होईल या भीतीने ते जायला तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए. ए.) ही १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे सुरू झालेली, मद्यपाशात अडकलेल्यांनीच परस्परांसाठी चालवलेली संघटना असून, दारू थांबवण्याची इच्छा एवढीच तिच्या सदस्यत्वाची अट आहे. तेथे आडनाव, पत्ता वा नोकरी विचारली जात नाही, शुल्क नसते आणि नवागताने बोललेच पाहिजे अशी सक्तीही नसते. मागच्या बाकावर बसून नुसते ऐकले तरी चालते, आणि पहिल्या दिवशी तेवढे पुष्कळ आहे. सभेचे ठिकाण व वेळ ए. ए.च्या हेल्पलाइनवर किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारता येते. ‘खुल्या’ सभेला, म्हणजे मद्यपी नसलेल्यांनाही प्रवेश असलेल्या सभेला, पत्नीने सोबत जावे. कुटुंबीयांसाठी ‘अल्-अॅनॉन’ हे स्वतंत्र गट असून, पती गेले नाहीत तरी पत्नीने तेथे अवश्य जावे. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास उद्भवू शकतात; म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.