घरच्या टाकीत शार्क?

प्रश्न : माझ्याकडे चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दुकानदार बांबू शार्कचं वीतभर पिल्लू देतोय. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क मीटरभर वाढतो. तुमच्या टाकीत त्याला नीट वळताही येणार नाही. तो तळाशी राहतो, रात्री हिंडतो. त्यामुळे टाकीची उंची नव्हे, लांबी-रुंदी महत्त्वाची. खाली बारीक वाळू, वर घट्ट झाकण. कोळंबी, माकूल खातो आणि घाणही भरपूर करतो. प्रोटीन स्किमर दणकट लागतो. इतर माशांच्या रोगांवर वापरतात ती तांबंयुक्त औषधं मात्र शार्कला घातक. सोबतचे छोटे मासे? ते त्याचं जेवण! 'मोठा झाला की बघू' हा सल्ला दुकानदाराच्या सोयीचा. आठ फूट लांब, चार फूट रुंद टाकी जमली, तरच पुन्हा विचारा.