चालू झालेलं मशीन बरोबर चालतंय असं नाही

ओव्हरक्लॉकिंग करताना सगळ्यांची नजर प्रोसेसरवर असते: किती गिगाहर्ट्‌झ झाले, तापमान किती चढलं. रॅमकडे फारसं कुणी बघत नाही. नुकसान मात्र तिथूनच होतं, आणि ते बराच काळ दिसतही नाही.

एका फोटोग्राफरचं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. इंटेलचा क्यू-६६०० प्रोसेसर, डीडीआर-२ ८०० रॅम. मूळचा २.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर कुणीतरी ३ वर नेऊन दिला होता. गेम छान चालत, तापमानही आटोक्यात. तक्रार वेगळीच होती: झिप फाईल उघडत नव्हत्या आणि लग्नांचे फोटो अर्ध्यातून रंगीत पट्ट्यांचे झाले होते. संशय अर्थातच हार्ड डिस्कवर गेला. डिस्क बदलली, केबल बदलली, फरक पडला नाही. शेवटी रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला आणि स्क्रीन चुकांच्या लाल ओळींनी भरून गेली.

कारण साध्या गुणाकारात होतं. त्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर ९, बसचा वेग २६६ मेगाहर्ट्‌झ, म्हणून २.४ गिगाहर्ट्‌झ. ३ गाठायला बस ३३३ केली. पण रॅमचा वेगही त्याच बसवरून ठरतो. डीडीआर रॅमचा आकडा तिच्या खऱ्या क्लॉकच्या दुप्पट असतो. बस आणि रॅमच्या क्लॉकचं गुणोत्तर २:३ असल्यामुळे ८०० ची रॅम कुणी हात न लावता १००० वर धावू लागली. गुणोत्तर १:१ करताच ती ६६७ वर उतरली, प्रोसेसर ३ वरच राहिला आणि चुका थांबल्या. खराब झालेले फोटो मात्र परत आले नाहीत. बॅकअपही त्याच मशीनवरून घेतलेला होता. कॉपी होणारी फाईल रॅममधूनच जाते. तिथे एक बिट उलटला की तीच चूक बॅकअपमध्ये जाऊन बसते.

आजच्या मशीनवर मल्टिप्लायर खुला असेल तर तो वाढवून प्रोसेसरचा वेग चढवता येतो आणि रॅम जागेवर राहते. पण १०० मेगाहर्ट्‌झच्या बेस क्लॉकला हात लावलात, तर रॅमही त्याच्यासोबत चढते. शिवाय बायॉसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या जास्त वेगाची तयार सेटिंग, चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर-४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२, एक्सएमपी ते बहुधा १.३५ वर नेतं. पाकिटावरचा आकडा त्या स्टिकपुरता असतो. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तो पेलेलच असं नाही, आणि चार स्टिक लावल्या तर त्याच्यावर आणखी ताण येतो.

मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, हेही नेहमी खरं नसतं. सीएल म्हणजे डेटा मिळण्याआधी रॅम किती क्लॉक थांबते तो आकडा. ३२०० ची सीएल-१६ रॅम आणि ३६०० ची सीएल-१८ रॅम, दोन्हींत सीएलचा विलंब १० नॅनोसेकंदच भरतो. रायझन ३००० मालिकेत ३६०० पर्यंत रॅम आणि प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक सहसा एका तालात चालतात. रॅम ४००० वर नेली की बोर्ड अनेकदा मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर टाकतो. आकडा वाढतो, पण विलंबही वाढतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच:

काही बदलण्याआधी बॅकअप घ्या आणि मूळ सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा.

बस किंवा बेस क्लॉक वाढवणार असाल तर आधी रॅमचं गुणोत्तर खाली आणा. प्रोसेसरची मर्यादा कळल्यावरच रॅमकडे वळा. दोन्ही एकदम चढवलं तर चूक कुणाची ते कळत नाही.

प्रत्येक बदलानंतर रॅमचा वेग प्रत्यक्ष तपासा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर खरा क्लॉक दाखवतं, म्हणजे ३२०० ची रॅम तिथे १६०० दिसते. ते बरोबर आहे. निम्मी दिसते म्हणून आणखी चढवू नका.

विंडोज सुरू झालं म्हणजे पास झालं असं समजू नका. मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. तोवर त्या मशीनवर महत्त्वाच्या फाईल उघडू नका, हलवू नका, बॅकअपही घेऊ नका.

रात्रभरात एकच चूक दिसली आणि पुन्हा दिसली नाही, तरी ती चालवून घेऊ नका. तो वेग तुमच्या मशीनचा नाही. एक पायरी खाली या आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावा.